नेड विझिनीचं पुस्तक मराठीत आणा : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

मराठी प्रकाशकहो, आणि किशोरांसाठी पुस्तकं काढणाऱ्या संपादकहो,



नेड विझिनी या अमेरिकन लेखकाची ‘इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी’ ही कादंबरी तुमच्यापैकी कुणीतरी मराठीत काढावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी लहान आहे. तिच्या आड येणारी शंका मात्र मोठी आहे, म्हणून ती आधीच मांडते. नैराश्यातून सावरणाऱ्या मुलाची गोष्ट ज्याने लिहिली, तो लेखक ती छापून आल्यानंतर सात वर्षांनी आत्महत्येने गेला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मग अशा माणसाचं पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. पालक विचारतील, शिक्षकही विचारतील. हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

मी एका मराठी माध्यमाच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळते. पाचवी-सहावीच्या मुलांना काय वाचायला द्यावं, हा प्रश्न मला कधी पडत नाही. फास्टर फेणे आहे, बोक्या सातबंडे आहे, ‘किशोर’चे जुने बांधीव अंक आहेत. अडचण सुरू होते ती नववीपासून. त्या वयातलं मूल कपाटासमोर उभं राहतं, दोन-चार पुस्तकं चाळतं आणि काहीच न घेता निघून जातं. लहानांची पुस्तकं त्याला पोरकट वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांत त्याचं काही नसतं. त्याच सुमारास दहावी, क्लास, टक्केवारी, बदलणारं शरीर, तुटलेली मैत्री असं सगळं एकदम अंगावर आलेलं असतं. काहींना रात्र रात्र झोप येत नाही. काहींना जेवण जात नाही. आईबापांना वाटतं, वय आहे, जाईल. आपल्याला नेमकं काय होतंय हे त्या मुलालाही सांगता येत नाही. त्याच्याच वयाचं कुणी हे सगळं मोकळेपणानं बोलतंय असं पुस्तक मला त्याला द्यायचं आहे, आणि ते विझिनीने लिहून ठेवलेलं आहे.

विझिनीचा जन्म १९८१चा. तो न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिन भागात वाढला. स्टायव्हेसंट हायस्कूल या शाळेत त्याचं शिक्षण झालं. ही सरकारी शाळा, पण तिथे प्रवेश मिळतो तो फक्त प्रवेश परीक्षेवर आणि त्या परीक्षेला शहरातली हजारो मुलं बसतात. पंधराव्या वर्षी तो ‘न्यूयॉर्क प्रेस’ या साप्ताहिकात लिहू लागला. सतराव्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात त्याचा लेख आला. २००० साली, एकोणिसाव्या वर्षी, पहिलं पुस्तक. २००४ मध्ये ‘बी मोअर चिल’ ही कादंबरी आली. एक बुजरा मुलगा गोळीएवढा संगणक गिळतो आणि तो संगणक डोक्यात बसून त्याला काय बोलायचं, कसं चालायचं, कुणाशी कसं वागायचं ते सांगू लागतो, अशी तिची गोष्ट. पुस्तक गाजलं. पुढच्या पुस्तकाचा करार झाला. तेविसाव्या वर्षी आणखी काय हवं, असं कुणालाही वाटलं असतं.

नेमकं तेव्हाच त्याचं लिहिणं थांबलं. करार झालेला, मुदत ठरलेली आणि कागदावर काही उतरत नाही. झोप गेली, अन्न नकोसं झालं आणि जगणंच नको असं वाटू लागलं. त्या अवस्थेत त्याने हेल्पलाइनला फोन केला आणि नंतर तो रुग्णालयात दाखल झाला. ब्रुकलिनच्या पार्क स्लोप भागातल्या मेथडिस्ट हॉस्पिटलच्या मनोरुग्ण विभागात तो २९ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २००४ असे पाच दिवस होता. १० डिसेंबरला त्याने कादंबरी लिहायला घेतली आणि ६ जानेवारी २००५ला ती पूर्ण केली. या चारही तारखा त्याने कादंबरीच्या शेवटी स्वतःच छापल्या आहेत. मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. मनोरुग्ण विभागात राहून आल्याचं कुणी सहसा सांगत नाही. घरचेच सांगू देत नाहीत. या मुलाने दाखल झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख आणि पुन्हा कामाला बसल्याची तारीख वाचकांसमोर ठेवली. पोरांना वेगळा उपदेश करायची त्याला गरजच उरली नाही.

आता गोष्टीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती तुम्हाला छापायची आहे.

क्रेग गिलनर हा पंधरा वर्षांचा मुलगा. एका नामांकित हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेसाठी त्याने वर्षभर रात्रंदिवस अभ्यास केलेला आहे. प्रवेश मिळतो. घरात आनंदीआनंद. पण शाळा सुरू होते आणि कळतं की इथे सगळेच हुशार आहेत, आपण त्यांच्यातले एक, तेही मधल्या फळीतले. गृहपाठ साचत जातो. ही शाळा नीट झाली नाही तर चांगलं कॉलेज नाही, कॉलेज नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर रस्त्यावर भीक मागायची वेळ, अशी साखळी त्याच्या डोक्यात दिवसरात्र फिरत राहते. पोटात अन्न ठरत नाही. जवळच्या मित्राचं सगळं छान चाललेलं असतं आणि क्रेगला आवडणारी मुलगी त्या मित्राबरोबर असते. ज्या गोष्टी त्याला विळखा घालून खाली ओढतात, त्यांची तो मनाशी मोजदाद करतो. ज्या धरून ठेवतात, त्यांचीही करतो. धरून ठेवणाऱ्या फार थोड्या निघतात.

क्रेगच्या घरी काहीही वाईट नाही, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आईवडील प्रेमळ आहेत, धाकटी बहीण लाघवी आहे, पैशाची चणचण नाही. त्याला डॉक्टरकडे नेलेलं आहे, औषध चालू आहे. ‘काय कमी केलंय आम्ही तुला?’ हा प्रश्न आपल्याकडे किती घरांत विचारला जातो! क्रेगच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे, आणि तरीही तो आजारी आहे. हे एकदा मुलाला समजलं, की आपण कृतघ्न आहोत ही आधीच मन पोखरणारी भावना थोडी सैल होते.

दुसरी मोलाची गोष्ट औषधाची. मध्येच क्रेगला बरं वाटू लागतं आणि तो आपल्या मनानेच गोळ्या बंद करतो. पुढे तो पुन्हा खचत जातो आणि एका रात्री सगळं टोकाला जातं. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून ती डॉक्टरांना न विचारता थांबवली, तर आजार उलटण्याचा धोका असतो. हे कितीही माहितीपत्रकांत छापलं तरी पंधरा वर्षांचं पोर ते वाचत नाही. क्रेगची गोष्ट वाचेल.

त्या रात्री क्रेग हेल्पलाइनला फोन करतो आणि घराजवळच्या रुग्णालयात स्वतःच्या पायांनी चालत जातो. किशोरांच्या विभागात दुरुस्तीचं काम चालू असल्यामुळे त्याला मोठ्यांच्या विभागात ठेवतात. कादंबरीचा खरा जीव या विभागात आहे. तिथे बॉबी आहे, त्याच्या डोक्यावर उद्या कुठे राहायचं याची चिंता. क्रेगच्याच वयाची नोएल आहे. आणि खोलीतला सोबती मुक्तदा आहे. तो मूळचा इजिप्तचा, पलंगावरून उठतच नाही. क्रेगला लहानपणी नकाशे काढायचा नाद होता. इथे तो पुन्हा चित्रं काढू लागतो. माणसाच्या डोक्याचा आकार आणि आत मेंदूऐवजी शहर, रस्ते, पूल, नद्या. विभागातल्या प्रत्येकाला आपलं डोकं काढून हवं असतं. शेवटी क्रेग खटपट करून इजिप्तच्या गाण्यांची तबकडी मिळवतो आणि ती लावली की मुक्तदा खोलीबाहेर येतो. मोठा चमत्कार कुठेच होत नाही. पाच दिवसांनी क्रेग घरी जातो. आपण पूर्ण बरे झालेलो नाही हे त्याला माहीत असतं, पण जगायचं आहे एवढं त्याला कळलेलं असतं. पुस्तकात हसू भरपूर आहे आणि ते कुणाचीही टर उडवून आणलेलं नाही. विझिनी ज्या माणसांमध्ये पाच दिवस राहिला, त्यांच्याबद्दल त्याला माया वाटत होती, हे पानापानावर जाणवतं.

२००६ मध्ये हे पुस्तक आलं. २०१०मध्ये ॲना बोडेन आणि रायन फ्लेक यांनी त्यावर चित्रपट काढला. विझिनी शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून बोलत हिंडला. आपल्या आजाराबद्दल तो मोकळेपणानं सांगायचा आणि मुलं त्याच्याशी तितकंच मोकळं बोलायची. त्याने लग्न केलं, मुलगा झाला, दूरचित्रवाणी मालिकांसाठी लिहिलं. २०१२मध्ये ‘द अदर नॉर्मल्स’ आलं आणि २०१३मध्ये दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांच्याबरोबर लिहिलेलं ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’. त्याच वर्षी, १९ डिसेंबरला, ब्रुकलिनमध्ये तो गेला. कसा गेला याच्या तपशिलात मी जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका.

आता त्या शंकेकडे येते. पुस्तक खोटं ठरलं का?

याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच दिलेलं आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, त्याला कोणत्या आजाराचं नाव द्यावं, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण एवढं खरं, की ती बातमी ऐकलेल्या आईबापांनी आपल्या मुलांच्या हातातून ‘श्यामची आई’ काढून घेतली नाही. तीनच वर्षांनी आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. आज घराघरात ते पुस्तक आहे. गुरुजी गेले म्हणून श्यामच्या आईने शिकवलेलं वाया गेलं, असं मराठी माणसाला एकदाही वाटलं नाही. मग ब्रुकलिनच्या एका मुलाला वेगळी मोजपट्टी कशासाठी?

विझिनीने आपल्या पुस्तकात ‘मी कायमचा बरा झालो’ असा दावा कुठेच केलेला नाही. त्याने सांगितलं ते एवढंच, की मी मदत मागितली, ती मिळाली आणि मी परत आलो. २००४ साली हे शब्दशः खरं होतं. नैराश्य एकदा येऊन गेलं की पुन्हा येऊ शकतं. ज्यांना ते वारंवार येतं, अशांची संख्या मोठी आहे. मधुमेहाच्या रुग्णाने पथ्यावर चांगलं पुस्तक लिहिलं आणि पुढे तो त्याच आजाराने गेला, तर आपण पथ्याला दोष देत नाही. त्या पाच दिवसांनी विझिनीला पुढे नऊ वर्षं दिली. त्या नऊ वर्षांत पुस्तकं आली, संसार झाला, मुलगा जन्मला आणि असंख्य मुलं त्याच्याशी मोकळं बोलली. शेवट वाईट झाला म्हणून ही नऊ वर्षं कुणी पुसून टाकू नयेत.

त्याचं एक काम तर त्याच्यानंतर उभं राहिलं. ‘बी मोअर चिल’वर जो आयकॉनिस आणि जो ट्रॅक्झ यांनी संगीतिका रचली. २०१५मध्ये न्यू जर्सीतल्या एका नाट्यगृहात तिचे प्रयोग झाले आणि थांबले. पण तिची गाणी ऑनलाइन आली आणि शाळकरी मुलांनी ती एकमेकांना ऐकवत सगळीकडे पसरवली. मुलांच्या त्या प्रेमामुळे २०१९मध्ये ती ब्रॉडवेवर पोहोचली. विझिनीला हे पाहायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या मनातली दुसरी भीती मला माहीत आहे, कारण ती शिक्षकांच्या खोलीतही रोज ऐकू येते. ‘असलं पुस्तक दिलं तर नसते विचार मुलांच्या डोक्यात शिरतील.’ ही भीती निराधार नाही. १७७४ साली गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी आली, तेव्हा तरुणांवर तिचा असा परिणाम होईल म्हणून काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली होती. आत्महत्येच्या भडक, तपशीलवार, हळहळ लावणाऱ्या चित्रणाचा वाईट परिणाम होतो याला संशोधकांनी पुढे वेर्थरचंच नाव दिलं. पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांचा मजकूर तपासून २०१०मध्ये निष्कर्ष मांडला, की टोकाच्या विचारापर्यंत जाऊन सावरलेल्या माणसाची हकिगत छापून येते तेव्हा आत्महत्या घटताना दिसतात. या परिणामाला त्यांनी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेतल्या पापागेनोचं नाव दिलं. पक्षी पकडणारा हा पापागेनो प्रेयसी गमावल्याच्या दुःखात जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरा मार्ग आठवून देतात. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: आत्महत्येबद्दल मोकळेपणानं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही.

तेव्हा प्रश्न विषयाचा नाही, गोष्ट कशी सांगितली आहे याचा आहे. विझिनीच्या पुस्तकानंतर वर्षभराने, २००७मध्ये, जे ॲशर यांची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ आली. तिच्यात मेलेली मुलगी ध्वनिफिती मागे ठेवते आणि आपल्या मरणाला कोण कोण जबाबदार ते एकेकाला ऐकवते. २०१७मध्ये नेटफ्लिक्सने त्यावर मालिका केली. डॉक्टरांनी जोरदार आक्षेप घेतला आणि शेवटी २०१९मध्ये कंपनीला त्यातलं आत्महत्येचं दृश्य काढून टाकावं लागलं. मला विचाराल तर ती गोष्ट मी माझ्या कपाटात ठेवणार नाही. मेल्यावर सगळ्यांना धडा शिकवता येतो, आपलं म्हणणं शेवटी ऐकलं जातं, असं ती एका दुखावलेल्या मुलीला सांगते, आणि हे साफ खोटं आहे. क्रेगची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. त्याचं म्हणणं ऐकलं जातं ते तो जिवंतपणी फोन उचलतो म्हणून. दोन्ही पुस्तकांची मराठी आवृत्ती काढायचा प्रस्ताव तुमच्यापुढे आला, तर ॲशरच्या पुस्तकाचा खप जास्त होईल म्हणून तिकडे वळू नका, ही कळकळीची विनंती.

हे पुस्तक आपल्यासाठी परकं आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. प्रवेश परीक्षेसाठी वर्ष जाळायचं, प्रवेश मिळवायचा आणि मग आत गेल्यावर कोसळायचं, ही गोष्ट लातूर, पुणे, नांदेड, कोटा इथल्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या मराठी मुलांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत जास्त. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या ७.३ टक्के मुलांना कसला ना कसला मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. माझ्याकडे नववीच्या वर्गाचा ग्रंथालयाचा तास असतो तेव्हा हा आकडा मला आठवतो. समोर बसलेल्यांपैकी ते चार कोण, हे मला कळत नाही.

मराठीत हे बोललंच गेलं नाही असं मात्र नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाच्या आजारांबद्दल साध्या मराठीत बोलायची सवय अनेकांना लावली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’मध्ये मरणाच्या दारात जाऊन आलेल्या एका तरुणाला कोकणातल्या समुद्रकिनारी काही माणसं धीराने, प्रश्न न विचारता सांभाळतात. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. डॉक्टर बोलले, चित्रपटवाले बोलले. कायदाही बदलला, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता तीव्र तणावाखाली असलेला रुग्ण समजायला सांगितलं. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या दप्तरात ठेवून बसमध्ये वाचता येईल असं पुस्तक देणं, हे काम तुमचं आहे.

ते कसं व्हावं याबद्दल माझी काही आग्रही मतं आहेत. ब्रुकलिन ब्रुकलिनच राहू द्या. क्रेगला नाशिकला आणून त्याचं नाव कौस्तुभ ठेवू नका. मुलांना परदेशातलं मूल आपल्यासारखंच आहे हे कळलं की जास्त बरं वाटतं. पण त्याचं बोलणं आजच्या मराठी पोरांचं असू द्या. आमची मुलं ‘लोड आलाय’, ‘डोक्याला शॉट लागलाय’ असं म्हणतात. ‘मी विषण्ण झालो आहे’ असं कुणी म्हणत नाही. क्रेग आणि त्याचे मित्र नशा करतात, मुलींबद्दल बोलतात, शिव्या देतात. ते गाळू नका. गाळलेलं पुस्तक मुलांना लगेच ओळखू येतं आणि मग ती उरलेल्यावरही विश्वास ठेवत नाहीत. पाचवीसाठी ते नाही, नववीच्या पुढच्यांसाठी आहे, एवढं मुखपृष्ठावर लिहा म्हणजे झालं. छपाईआधी एका मनोविकारतज्ज्ञाकडून हस्तलिखित वाचून घ्या, विशेषतः औषधांचे उल्लेख. शेवटच्या पानावर ‘टेली-मानस’ या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात छापा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, चोवीस तास आहे, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

आणि लेखकाचा परिचय लिहिताना त्याच्या मृत्यूबद्दल सरळ लिहा. तो कशाने गेला हे लपवलंत तर मुलं दोन मिनिटांत मोबाइलवर शोधतील आणि मग त्यांना आपण फसवलो गेलो असं वाटेल. दोन ओळी पुरतील: त्याला नैराश्य होतं, त्याने अनेक वर्षं त्याच्याशी झुंज दिली, २०१३मध्ये तो आत्महत्येने गेला. त्यापुढे ‘शापित प्रतिभावंत’, ‘हळवा जीव’, ‘या जगासाठी नव्हताच’ असली विशेषणं कृपा करून लावू नका. एखादा तरुण लेखक गेला की आपल्याकडच्या श्रद्धांजली लेखांत ही भाषा हमखास येते. तिचा अर्थ असा निघतो की प्रतिभा असेल तर असा शेवट ठरलेलाच. वाचणारी सोळा वर्षांची कवयित्री हे मनात घेते. विझिनीच्या आयुष्याने तर याच्या उलट साक्ष दिली आहे. आजार अंगात होता तेव्हा त्याला लिहिता येत नव्हतं. रुग्णालयातून उपचार घेऊन आल्यावर पाच आठवड्यांच्या आत त्याची सगळ्यात चांगली कादंबरी लिहून झाली. लिहिलं ते बरा होत असलेल्या मुलाने. त्याच्या स्मृतीला मान द्यायचा असेल तर हे ठळकपणे सांगा.

याच्याच जोडीला एक गोष्ट तुमच्या रोजच्या व्यवहाराबद्दल. विझिनी खचला तो पहिल्या यशानंतर, पुढच्या पुस्तकाच्या मुदतीखाली. आपल्याकडेही पंचविशीतल्या कवीचा पहिला संग्रह गाजला, एखादा पुरस्कार मिळाला, की लगेच ‘पुढचं कधी?’ सुरू होतं. दिवाळी अंकांसाठी जूनपासून फोन. मुदत चुकली की नाराजी. हा लेखक अचानक फोन घेईनासा झाला, तर हस्तलिखिताची चौकशी बाजूला ठेवून त्याच्या घरी जाऊन या. जेवतोस का, झोपतोस का, विचारा. डॉक्टरकडे जायला कुणी सोबत हवं असेल तर तुमच्यापैकी कुणीतरी जा. पुढच्या वर्षी छापू, असं स्वच्छ सांगा आणि ते पाळा. करारात मुदतवाढीचं एक कलम घालायला काही खर्च येत नाही.

शेवटी व्यवहाराचं. हक्क मिळवणं, अनुवादकाला योग्य मानधन देणं, यात पैसे जातात आणि किशोरांची कादंबरी हजारांनी खपत नाही, याची मला कल्पना आहे. माझ्यासारखे ग्रंथपाल आपापल्या शाळांसाठी आगाऊ नोंदणी करायला तयार होतील. त्यासाठी शाळाशाळांशी बोलायचं काम मी अंगावर घेते. एकाच प्रकाशकाला झेपणार नसेल तर दोघांनी मिळून काढा. अनुवादकाची निवड करताना क्रेग रुग्णालयात चालत जातो त्या रात्रीचं प्रकरण नमुना म्हणून मागवा. ते ज्याला जमेल त्याला बाकीचं जमेल. आणि तो नमुना तज्ज्ञ समितीपुढे ठेवण्याआधी आमच्या नववीच्या मुलांना वाचायला द्या. कुठलं वाक्य खोटं वाटतं ते ती बरोबर सांगतील. त्यांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते, त्यानंतरचा आठवडा मी मोकळा ठेवला आहे.

आपली,
एक शालेय ग्रंथपाल